वाचकांचे प्रश्न : संगणकावर वाढणाऱ्या पेशी

ऊतींची वाढ संगणकावर चालवून पाहण्याची बहुतेक चांगली साधने विद्यापीठांतल्या संशोधक गटांनी उभी केली आणि वापरणाऱ्यांनी भर घालत वाढवली. ती फुकट मिळतात, पण शिकवायला सोबत कुणी येत नाही. त्यामुळे वेगवेगळ्या गावांतले लोक नेमके त्याच चार-पाच ठिकाणी अडकतात. असे प्रश्न या अंकात सविस्तर घेतले आहेत, बाकीचे थोडक्यात.

प्रश्न : मी जैवतंत्रज्ञानात एम.एस्सी. करते. प्रोग्रामिंग जेमतेम येते. लॅपटॉप ८ जीबी रॅमचा. ट्यूमरच्या वाढीवर प्रकल्प करायचा आहे. कॉम्प्युसेल-थ्रीडी, फिजिसेल, मॉर्फियस, चेस्ट अशी बरीच नावे सापडली. सुरुवात कशाने करू? (विद्यार्थिनी, कोल्हापूर)

उत्तर : नावावरून निवडू नका, पेशीच्या स्वभावावरून निवडा. तुमच्या प्रश्नात पेशीचा आकार महत्त्वाचा आहे का? म्हणजे ती ताणली जाते, शेजारणीला चिकटते, फटीतून सरकते, याच्यावर उत्तर अवलंबून आहे का? तसे असेल तर पॉट्स पद्धतीची साधने घ्यावीत. त्यांत एक पेशी म्हणजे जाळीवरचे अनेक पिक्सेल असतात, त्यामुळे तिला हवा तो आकार घेता येतो. अमेरिकेत इंडियाना विद्यापीठात वाढलेले कॉम्प्युसेल-थ्रीडी आणि जर्मनीतल्या ड्रेस्डेनच्या तांत्रिक विद्यापीठातले मॉर्फियस ही या घराण्यातली.

पेशींची संख्या, त्यांना मिळणारा ऑक्सिजन आणि औषध हे महत्त्वाचे असेल, आकार गोल धरला तरी चालत असेल, तर फिजिसेल बरे. त्यात पेशी म्हणजे एक केंद्रबिंदू आणि एक घनफळ. एवढाच हिशेब असल्याने साध्या डेस्कटॉपवर लाखभर पेशी चालवता येतात. पॉट्स पद्धतीत तेवढ्या पेशी त्रिमितीत चालवायच्या म्हटल्या तर तुमचा लॅपटॉप गुडघे टेकेल.

वनस्पतीची ऊती असेल तर हे दोन्ही बाजूला ठेवा. वनस्पतीच्या पेशी भिंतीने एकमेकींना जखडलेल्या असतात, शेजार बदलत नाहीत. पॉट्स पद्धतीत पेशी सरकतातच, आणि ते सरकणे थांबवण्यातच तुमचे सत्र संपेल. तिथे भिंती आणि कोपरे यांचाच हिशेब करणारे व्हर्च्युअललीफ घ्या. चेस्ट हे ऑक्सफर्डचे. त्यात अनेक पद्धती एकाच छताखाली आहेत आणि चाचण्यांची शिस्त उत्तम, पण सी प्लस प्लस चांगले येत नसेल तर पहिल्या प्रकल्पाला नको.

तुमच्या बाबतीत आमचा सल्ला असा. पहिले दोन आठवडे मॉर्फियस. त्यात कोड लिहावा लागत नाही, मॉडेल झाडासारख्या रचनेत भरायचे असते आणि समीकरणे जशी वहीत लिहितो तशीच लिहिता येतात. त्यानंतर ट्यूमरसाठी फिजिसेल. स्थापनेतच दम निघत असेल तर पर्ड्यू विद्यापीठाच्या नॅनोहबवर कॉम्प्युसेल-थ्रीडी आणि फिजिसेल या दोन्हींवर आधारलेली साधने ब्राउझरमध्येच चालतात. खाते फुकट उघडता येते.

प्रश्न : कॉम्प्युसेल-थ्रीडीमधले दोन प्रकारच्या मिसळलेल्या पेशी आपोआप वेगळ्या होण्याचे तयार उदाहरण नीट चालत होते. पेशी फार टोकदार दिसतात म्हणून 'नेबर ऑर्डर' २ वरून ४ केला. गोळ्यातून सुटलेल्या पेशी एकेक करून नाहीशा झाल्या. दुसरा एकही आकडा बदललेला नाही. हा सॉफ्टवेअरमधला दोष आहे का? (पीएच.डी. संशोधक, पुणे)

उत्तर : दोष नाही. तुम्ही एक आकडा बदलला असे वाटते, प्रत्यक्षात सगळ्या स्पर्शऊर्जा, म्हणजे दोन पेशींच्या सीमेची मॉडेल लावते ती किंमत, बदलल्या.

या उदाहरणातल्या आकड्यांचे मूळ १९९२ मध्ये आहे. फ्रान्स्वा ग्रानेर आणि जेम्स ग्लेझियर यांनी त्या वर्षी पॉट्स मॉडेल पेशींसाठी वापरले, तेव्हा त्यांनी घट्ट चिकटणाऱ्या पेशींची आपसातली स्पर्शऊर्जा २, सैल चिकटणाऱ्यांची १४, मिश्र जोडीची ११ आणि कुठल्याही पेशीची माध्यमाशी, म्हणजे पेशींभोवतीच्या मोकळ्या जागेशी, १६ धरली. ध्यानात ठेवा, आकडा जितका मोठा तितकी चिकटण्याची इच्छा कमी. निम्म्या नवख्यांची पहिली चूक इथेच, उलटे समजण्याची असते.

आता नेबर ऑर्डर, म्हणजे एका पिक्सेलचे किती दूरपर्यंतचे शेजारी मोजायचे ते. चौकोनी जाळीवर ऑर्डर १ म्हणजे ४ शेजारी, २ म्हणजे ८, ३ म्हणजे १२ आणि ४ म्हणजे २०. स्पर्शऊर्जा प्रत्येक शेजारी-जोडीमागे मोजली जाते. एक सरळ आडवी सीमारेषा घ्या आणि तिच्या एका पिक्सेल लांबीमागे किती जोड्या ती ओलांडतात ते वहीवर मोजा. ऑर्डर १ ला १, २ ला ३, ३ ला ५ आणि ४ ला ११. म्हणजे २ वरून ४ वर जाताना सीमेचा ताण जवळपास पावणेचार पट झाला. पेशीचे घनफळ सांभाळणारा लॅम्डा मात्र होता तिथेच राहिला.

याचा परिणाम ढोबळ हिशेबाने पाहू. अपेक्षित घनफळ (द्विमितीत क्षेत्रफळच) २५ पिक्सेल, लॅम्डा २. माध्यमात एकटी पडलेली पेशी साधारण २.८ पिक्सेल त्रिज्येची असते. सीमेचा ताण तिला आत दाबतो : १६ गुणिले ३ भागिले २.८, म्हणजे सुमारे १७. घनफळाची अट तिला बाहेर ढकलते : २ गुणिले लॅम्डा गुणिले तूट, म्हणजे ४ गुणिले तूट. दोन्ही समान होतात तेव्हा तूट चार-पाच पिक्सेलची असते. पेशी २० च्या आसपास स्थिरावते आणि जगते. ऑर्डर ४ ला दाब होतो १६ गुणिले ११ भागिले २.८, सुमारे ६३. त्याला तोल द्यायला १६ पिक्सेलची तूट हवी. पण तेवढी आकसल्यावर उरलेल्या ९ पिक्सेलच्या पेशीची त्रिज्या १.७ होते आणि आत दाबणारा जोर १०० च्या वर जातो. तोल साधतच नाही. पेशी शून्याकडे जाते.

उपाय दोन आहेत. पहिला आणि सरळ : सगळ्या स्पर्शऊर्जांना ३.६७ ने (११ भागिले ३) भागा. १६ चे ४.४, १४ चे ३.८, ११ चे ३ आणि २ चे ०.५५ करा. ताण पूर्वीइतका होईल आणि पेशींचे कोपरे मात्र गोलावतील, कारण २० शेजाऱ्यांमुळे जाळीच्या दिशांचा पक्षपात कमी होतो. दुसरा उपाय म्हणजे लॅम्डा वाढवणे. तो अनेक जण करतात, आम्हाला पसंत नाही. ताण आणि लॅम्डा दोन्ही वाढले की टेम्परेचरच्या (ते काय, हे पुढच्या उत्तरात) मानाने प्रत्येक हालचाल महाग होते आणि ऊती गोठल्यासारखी दिसते. मग टेम्परेचर वाढवा, मग पेशींचे तुकडे पडतात म्हणून आणखी काही करा, अशी रांग लागते.

प्रश्न : टेम्परेचरच्या जागी १० लिहिले आहे. माणसाच्या पेशींसाठी ३७ टाकायचे की केल्व्हिनमध्ये ३१०? (प्राध्यापिका, लातूर)

उत्तर : यांपैकी काहीच नाही. या आकड्याचा उष्णतेशी संबंध नाही. पेशीचा पडदा किती जोराने थरथरतो, एवढेच तो सांगतो. पिक्सेल बदलताना ऊर्जा जितकी वाढणार असेल त्या वाढीला या आकड्याने भागून संभाव्यता काढली जाते. १० असताना १० ने महाग बदल साधारण १०० पैकी ३७ वेळा मान्य होतो. ३१० टाकलेत तर जवळपास कुठलाही बदल मान्य होईल आणि पडद्यावर पेशींऐवजी वाळू दिसेल.

प्रश्न : वाढ आणि विभाजन यांचा कोड कॉम्प्युसेल-थ्रीडीच्या विझार्डने (प्रश्न विचारून कोड लिहून देणाऱ्या सोयीने) तयार करून दिला. सुरुवातीला छान चालते. थोड्या वेळाने मधल्या पेशी विभागायच्या थांबतात, आणि एखादी शेजारची पेशी मारली की आजूबाजूच्या पेशी एकदम फुगून धडाधड विभागतात. खऱ्या ऊतीत असे होते का? (संशोधन सहायक, मुंबई)

उत्तर : तुमच्या मॉडेलमध्ये पेशींनी उधारी साठवली आहे. विझार्डचा कोड प्रत्येक पायरीला (मॉडेलमधल्या काळाच्या एका टप्प्याला) प्रत्येक पेशीचे अपेक्षित घनफळ १ ने वाढवतो आणि प्रत्यक्ष घनफळ ५० च्या वर गेले की तिचे दोन भाग करतो. मोकळ्या जागेत हे ठीक. गर्दीत अडकलेल्या पेशीला फुगायला जागा नसते. तिचे प्रत्यक्ष घनफळ ४८ वर अडते, पण अपेक्षित आकडा वाढतच राहतो : १००, २००, ३००. तिच्या आत प्रचंड दाब साचतो. शेजारी जागा झाली की तो सगळा एकदम सुटतो. तुमच्या स्फोटाचे कारण हेच.

वाढीला अट घाला. अपेक्षित आणि प्रत्यक्ष घनफळातला फरक ठरावीक मर्यादेच्या आत असेल तरच त्या पायरीला वाढ द्या. ही मर्यादा टक्केवारीत लिहायचा मोह होतो. 'प्रत्यक्ष घनफळ अपेक्षिताच्या ९५ टक्के झाले तरच वाढ' अशी अट काही जण लिहितात आणि मग एकही पेशी वाढत नाही, कारण मागच्या उत्तरात पाहिले तसे एकटी पेशी मुळातच २५ ऐवजी २० वर स्थिरावते, म्हणजे ८० टक्क्यांवर. म्हणून आधी वाढ बंद ठेवून दोनशे पायऱ्या चालवा, नेहमीची तूट किती ते पाहा आणि मर्यादा त्याच्या दीडपट-दुप्पट ठेवा. या उदाहरणात ८ पिक्सेल चालेल.

विभाजनाच्या वेळी आईचे अपेक्षित घनफळ निम्मे होते ना, तेही तपासा. ती ओळ विझार्ड लिहून देतो, पण कोड सारखा करताना लोक ती उडवतात. ती नसेल तर ५० अपेक्षित घनफळाच्या दोन मुली जन्मतात आणि लगेच पुन्हा विभागतात. निम्मे करणे आधी, गुणधर्म मुलीकडे उतरवणे नंतर, हा क्रमही उलटू नका.

आणि वेग. दर पायरीला १ म्हणजे २५ ची पेशी २५ पायऱ्यांत दुप्पट. एक पायरी म्हणजे एक मिनिट मानत असाल तर तुमची पेशी अर्ध्या तासात विभागते. एवढी घाई ई. कोलाय जिवाणूलाही जेमतेम जमते. २४ तासांचे चक्र हवे असेल तर २५ भागिले १४४०, म्हणजे दर पायरीला सुमारे ०.०१७ वाढ द्या. सगळ्या पेशी एकाच आकारापासून सुरू केल्या तर विभाजनाच्या लाटा येतात, त्यामुळे सुरुवातीची अपेक्षित घनफळे २५ ते ५० च्या दरम्यान विखरून द्या.

प्रश्न : ट्यूमरला ऑक्सिजन जोडला. प्रसरणांक (ऑक्सिजन किती वेगाने पसरतो तो आकडा, डिफ्युजन कोएफिशंट) पाठ्यपुस्तकातून घेऊन एककांचे रूपांतर करून टाकला, तर कार्यक्रम पहिल्याच पायरीवर अडकतो. आकडा हजारपट कमी केला की चालतो. तसे केले तर चालेल का? (अभियंता, नाशिक)

उत्तर : चालेल, पण मग तो ऑक्सिजन राहणार नाही. अडचण कुठून येते ते आधी पाहा.

एक पिक्सेल २ मायक्रोमीटरचा धरला तर २५ पिक्सेलची पेशी १०० चौरस मायक्रोमीटरची, म्हणजे साधारण ११ मायक्रोमीटर व्यासाची होते. हे ठीक आहे. एक पायरी एक मिनिटाची. ऊतीत ऑक्सिजनचा प्रसरणांक दर मिनिटाला सुमारे १,००,००० चौरस मायक्रोमीटर असतो, फिजिसेलच्या नमुन्यातही हाच आकडा आहे. एक पिक्सेल ४ चौरस मायक्रोमीटरचा, म्हणून ४ ने भागा : दर पायरीला २५,००० चौरस पिक्सेल. आता, साध्या पुढे-पुढे सरकणाऱ्या पद्धतीने प्रसरण सोडवताना द्विमितीत एका छोट्या टप्प्यात प्रसरणांक गुणिले वेळ ०.२५ च्या वर गेले की उत्तर फुटते. त्रिमितीत ही मर्यादा एक षष्ठांश. म्हणजे तुमच्या एका पायरीसाठी संगणकाला १,००,००० छोटे टप्पे घ्यावे लागतात. तो अडकलेला नाही, इमानेइतबारे काम करतो आहे.

ऑक्सिजनला १०० मायक्रोमीटर पसरायला किती वेळ लागतो? अंतराचा वर्ग भागिले प्रसरणांक, म्हणजे ०.१ मिनिट, ६ सेकंद. पेशी विभागायला दिवस लागतो. पेशी हलेपर्यंत ऑक्सिजन केव्हाच स्थिरावलेला असतो. म्हणून त्याचा प्रवास मिनिटामिनिटाने मोजण्याची गरजच नाही. थेट स्थिर अवस्था काढणारा सॉल्व्हर (समीकरणे सोडवणारा भाग) निवडा. तो प्रत्येक पायरीलाही चालवावा लागत नाही, दहा पायऱ्यांतून एकदा पुरतो. सेकंदाला १० चौरस मायक्रोमीटरने पसरणाऱ्या एखाद्या प्रथिनाचा प्रश्न असता तर याच मापांत १५० चौरस पिक्सेल आणि ६०० टप्पे झाले असते. तिथे साधी पद्धत हळू का होईना, निभावते.

स्थिर सॉल्व्हरकडे गेल्यावर दोन गोष्टी बिघडतात. चारही कडा बंद ठेवल्या आणि पेशी ऑक्सिजन खात असल्या तर स्थिर उत्तर एकच असते : सगळीकडे शून्य. निदान एका कडेवर ठरावीक मूल्य द्या. दुसरे, पेशी दर मिनिटाला ठरावीक प्रमाण खाते असे लिहिले तर उपाशी भागात सांद्रता ऋण होते. सेवन हे उपलब्ध सांद्रतेच्या प्रमाणात लिहा.

बरोबर जमले आहे की नाही याची एक झटपट चाचणी आहे. प्रसरणांक भागिले सेवनाचा दर, आणि त्याचे वर्गमूळ. पेशी दर मिनिटाला १० या दराने सेवन करत असतील आणि खेटून बसल्या असतील तर १,००,००० भागिले १० म्हणजे १०,०००, वर्गमूळ १००. ऑक्सिजन सुमारे १०० मायक्रोमीटर आत जातो. खऱ्या ट्यूमरमध्येही रक्तवाहिनीपासून एवढ्याच अंतरावर पेशी गुदमरू लागतात. तुमच्या चित्रात जिवंत कड ५०० मायक्रोमीटर जाड दिसत असेल तर एककांत कुठेतरी घोळ आहे. आकडा हजारपट कमी करण्याने याच्या उलट चूक होते : वर्गमूळामुळे ऑक्सिजनची पोहोच तीसपटीहून अधिक घटते, म्हणजे ३ मायक्रोमीटर, एका पेशीपेक्षाही कमी.

प्रश्न : फिजिसेलमध्ये रँडम सीड (यादृच्छिक आकड्यांची सुरुवात ठरवणारा आकडा) तोच ठेवूनही दर वेळी पेशींची संख्या थोडी वेगळी येते. शिवाय मॅकवर ते कंपाइलच होत नव्हते, शेवटी दुसऱ्याच्या विंडोज यंत्रावर केले. (पीएच.डी. विद्यार्थी, हैदराबाद)

उत्तर : सीड जबाबदार नाही, थ्रेड जबाबदार आहेत. फिजिसेल पेशींचे काम अनेक थ्रेडमध्ये, म्हणजे एकाच वेळी चालणाऱ्या धाग्यांमध्ये, वाटते. कोणता थ्रेड कोणती पेशी आधी उरकेल याची हमी नसते, आणि बेरजेचा क्रम बदलला की दशांशाच्या शेवटच्या घरात फरक पडतो. काही तासांच्या सिम्युलेटेड काळानंतर तो फरक वाढून एखादे विभाजन पुढे-मागे होते. दोष शोधताना थ्रेडची संख्या १ करा, मग तोच सीड तेच उत्तर देईल. निष्कर्ष काढताना मात्र अनेक थ्रेड आणि अनेक सीड वापरून सरासरी आणि विखुरणे दोन्ही सांगा. थ्रेड यंत्राच्या खऱ्या कोअरइतके ठेवा. दुप्पट केल्याने फायदा होतोच असे नाही.

मॅकवर अॅपलचा कंपायलर ओपनएमपी (काम थ्रेडमध्ये वाटणारी सोय) सोबत आणत नाही, फिजिसेलला ते लागते. होमब्रू या मॅकवरच्या स्थापना-साधनातून जीसीसी हा कंपायलर बसवा आणि फिजिसेलला कंपायलरचे नाव सांगणाऱ्या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये आवृत्तीच्या आकड्यासह त्याचे नाव द्या. आकडा विसरलात तर 'जीसीसी' म्हटल्यावरही अॅपलचाच कंपायलर उठतो आणि तीच चूक पुन्हा दिसते.

जाता जाता एक इशारा. फिजिसेलमध्ये 'मेक डेटा-क्लीनअप' फक्त आउटपुट पुसतो. 'मेक रीसेट' तुमचा स्वतःचा कोड आणि सेटिंगची फाइलही पुसून फोल्डर कोरे करतो. नावे सारखी वाटतात, परिणाम नाही. त्याआधी 'मेक सेव्ह' वापरून प्रकल्प नाव देऊन बाजूला ठेवा. आणि द्विमितीत काम करत असाल तर सेटिंगमध्ये तसे स्पष्ट सांगा, नाहीतर विभाजनानंतर मुली कागदाच्या वर-खाली निसटतात आणि चित्रात पेशी एकमेकींवर चढलेल्या दिसतात.

प्रश्न : कॉम्प्युसेल-थ्रीडीतून व्हीटीके फाइली (पूर्ण जाळी साठवणाऱ्या) काढून पॅराव्ह्यू या चित्रे दाखवणाऱ्या साधनात उघडल्या. माझ्याकडे पेशींचे तीन प्रकार आहेत. पहिल्या आणि तिसऱ्या प्रकाराच्या सीमेवर सगळीकडे दुसऱ्या प्रकाराचा पातळ थर दिसतो. मॉडेलमध्ये तर तो तिथे नाही. शिवाय एका रात्रीत डिस्क भरली. (वाचक, ठाणे)

उत्तर : तो थर पॅराव्ह्यूने तयार केला आहे. प्रकाराचा आकडा जाळीच्या बिंदूंवर साठवलेला असतो आणि दोन बिंदूंमधला रंग तो मधली किंमत काढून भरतो. १ आणि ३ यांच्या मध्ये २ येतो. तापमानासाठी हे योग्य, नावासारख्या वापरलेल्या आकड्यासाठी निरर्थक. प्रकार हे प्रवर्ग आहेत असे रंगांच्या सेटिंगमध्ये सांगा. तेवढ्याने प्रत्येक प्रकाराला वेगळा ठरलेला रंग मिळेल, पण मधल्या किमती नाहीशा होतीलच असे नाही. खात्रीचा मार्ग म्हणजे थ्रेशोल्ड फिल्टर (ठरावीक आकड्याचाच भाग ठेवणारा) प्रत्येक प्रकारासाठी वेगळा लावणे आणि प्रत्येकाला एकच सपाट रंग देणे. माध्यमाचा आकडा ० असतो, तोही याच फिल्टरने गळतो. असा खोटा थर खरा मानून त्यावर 'संक्रमण पट्टा' असे लिहिलेली आकृती शोधनिबंधात जाऊ नये, म्हणून हे सविस्तर.

डिस्कचा हिशेब आधी करायचा असतो. दर पिक्सेलला प्रकारासाठी १ बाइट आणि दोन क्रमांकांसाठी ८-८ बाइट धरले तर १७ बाइट. १०० च्या घनात १० लाख पिक्सेल, म्हणजे एका फाइलला १७ एमबी. ५०० फाइली म्हणजे साडेआठ जीबी. बाजू १०० ऐवजी ३०० केली की एकेक फाइल ४६० एमबीच्या आसपास जाते. चित्रासाठी ५०-६० क्षण पुरतात. विश्लेषणासाठी दर पायरीला पूर्ण जाळी नको, प्रत्येक पेशीचे केंद्र, घनफळ आणि प्रकार एवढे साध्या तक्त्यात लिहा. तो काही एमबीत मावतो.

प्रश्न : बारावीच्या वर्गात एका तासिकेत दाखवता येईल असे काही आहे का? शाळेच्या संगणकांवर काहीही बसवायची परवानगी नाही. (शिक्षक, रत्नागिरी)

उत्तर : आर्टिस्टू. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेले हे पॉट्स पद्धतीचे साधन जावास्क्रिप्टमध्ये आहे आणि ब्राउझरच्या पानातच चालते. पान आणि त्याची लायब्ररीची फाइल पेन ड्राइव्हवर नेली तर इंटरनेटही लागत नाही. दोन रंगांच्या पेशींचे उदाहरण उघडा. मिश्र जोडीची स्पर्शऊर्जा दोन्ही स्वजातीय जोड्यांपेक्षा कमी केली तर बुद्धिबळाच्या पटासारखी मांडणी होते, जास्त केली तर रंग वेगळे होतात. मुलांना आधी अंदाज लिहायला लावा. पेशी दोनशेच्या आत ठेवा, जुन्या यंत्रांवर त्याहून जास्त झाल्या की चित्र अडखळते.

प्रश्न : आमच्या मॉडेलमधला पेशींचा गोळा सूक्ष्मदर्शकातल्या गोळ्यासारखाच दिसतो. याने पेशी वेगळ्या होण्याचे कारण चिकटपणाचा फरक हेच, हे सिद्ध झाले म्हणता येईल ना? (संशोधक, नागपूर)

उत्तर : नाही. माल्कम स्टाइनबर्ग यांनी १९६० च्या दशकात मांडलेली चिकटपणाच्या फरकाची कल्पना मॉडेलमध्ये सुंदर चालते, यात वाद नाही. पण २००८ मध्ये झेब्राफिशच्या भ्रूणातल्या पेशींवर प्रत्यक्ष बळे मोजली, तेव्हा कोणता थर आत जाणार हे ठरवण्यात पेशीच्या कवचाचा (पडद्याला लागून असलेल्या थराचा, कॉर्टेक्सचा) ताण निर्णायक दिसला, नुसता चिकटपणा नव्हे. पॉट्स मॉडेलची स्पर्शऊर्जा या दोन्हींची गोळाबेरीज असते. तिच्याकडे पाहून कारण ओळखता येत नाही.

मॉडेलकडून जे मिळते ते घ्या. दोन प्रकारांमधल्या सीमेची एकूण लांबी काळानुसार कशी घटते, याचा आलेख प्रयोगाच्या आणि मॉडेलच्या चित्रांतून काढा. किमान १० वेगळ्या सीडने चालवा. मग कवचाचा ताण कमी केल्यावर प्रयोगात काय होईल याचे भाकीत प्रयोगाआधी लिहून ठेवा. एकाच शेवटच्या चित्राशी जुळणारी मॉडेले हवी तेवढी बनवता येतात.

प्रश्न : ऊतीत जखम भरून येण्याचे मॉडेल आम्ही तयार केले आहे. ते इतरांना वापरायला द्यायचे आहे. कुठे आणि कसे? (संशोधक गट, म्युनिक आणि पुणे)

उत्तर : मॉर्फियसमध्ये केले असेल तर त्यांच्या मॉडेल-संग्रहाकडे पाठवा. तिथे प्रत्येक मॉडेलला कायमचा क्रमांक मिळतो आणि शोधनिबंधात तो देता येतो. इतर साधनांसाठी गिटहब या कोड ठेवण्याच्या स्थळावर ठेवा आणि आवृत्ती जाहीर करताना ती झेनोडो या संशोधन-संग्रहाला जोडा, म्हणजे डीओआय (संदर्भासाठी कायमचा क्रमांक) मिळेल. गिटहब १०० एमबीहून मोठी फाइल घेत नाही, त्यामुळे मोठे निकाल थेट झेनोडोवर.

परवान्याची फाइल नसलेला कोड उघड दिसत असला तरी कायद्याने कुणाला वापरता येत नाही, हे बहुतेकांना ठाऊक नसते. फिजिसेल बीएसडी परवान्याखाली आहे, आर्टिस्टू एमआयटी. यांच्यावर आधारलेल्या कामाला तुम्ही तसाच सैल परवाना देऊ शकता. व्हर्च्युअललीफ जीपीएलखाली आहे. त्याचा कोड बदलून वाटणार असाल तर तुमचाही जीपीएलच हवा. तुम्ही दोन देशांतल्या दोन संस्थांत आहात, तेव्हा कोडची मालकी संस्थेकडे आहे का हे दोन्हीकडे लेखी विचारून घ्या. सगळ्यात जास्त वेळ इथे जातो, म्हणून सुरुवात इथून करा.

पोतडीत काय असावे? साधनाची नेमकी आवृत्ती, कारण कॉम्प्युसेल-थ्रीडीच्या आवृत्ती ३ मधला पायथनचा कोड आवृत्ती ४ मध्ये बदल केल्याशिवाय चालत नाही. प्रत्येक आकड्याचे एकक आणि तो कुठून आला : मोजलेला, उसना घेतलेला की जुळवून घेतलेला. एका मिनिटात संपणारे छोटे उदाहरण आणि ते बरोबर चालले तर शेवटी किती पेशी दिसाव्यात, कमीत कमी ते जास्तीत जास्त. आणि मॉडेल कुठल्या आकड्यांना कोसळते, तेही. लॅम्डा इतक्याखाली गेला की पेशी नाहीशा होतात, पिक्सेल ४ मायक्रोमीटरचा केला की जखमेची कड दातेरी होते, अशा ओळी वाचणाऱ्याचा आठवडा वाचवतात.

मूळ साधनातच भर घालायची असेल तर एका पुल रिक्वेस्टमध्ये (बदल स्वीकारण्याच्या विनंतीत) एकच बदल पाठवा, सोबत त्याची चाचणी. आधी इश्यू (चर्चेची नोंद) उघडून हेतू सांगा. सांभाळणारे लोक थोडे असतात, चारशे ओळींचा न विचारता आलेला बदल महिनोन्महिने पडून राहतो.

प्रश्न : चित्रांच्या मालिकेवरून एफएफएमपेग या व्हिडिओ बनवणाऱ्या साधनाने व्हिडिओ करताना 'उंची २ ने भागली जात नाही' अशी चूक येते. (अनेक वाचक)

उत्तर : नेहमीच्या एच.२६४ व्हिडिओत रंगाची माहिती दोन-दोन पिक्सेलच्या गटात साठवली जाते, त्यामुळे रुंदी आणि उंची दोन्ही सम हव्यात. चित्रे काढतानाच खिडकीचे माप ८०० बाय ६०० सारखे ठेवा, किंवा पॅड फिल्टरने विषम बाजूला एक पिक्सेल जोडा. रंगाचे स्वरूप 'वाययूव्ही ४२०' असे स्पष्ट लिहा, नाहीतर तुमच्या यंत्रावर चालणारा व्हिडिओ सभागृहातल्या यंत्रावर काळा दिसू शकतो. फाइलींची नावे ०००१, ०००२ अशी शून्ये भरून द्या. तसे न केल्यास नावांच्या क्रमाने फाइली घेताना १० क्रमांकाचे चित्र २ च्या आधी लागते आणि पेशी वाढता वाढता मध्येच लहान होतात.